स्क्रूवरचं कुंकू

५ सप्टेंबर २०१७, मंगळवार

आज तीन पकडले! उन्हाळा संपला की असंच होतं. कॉटेजवर मोकळा वेळ, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर यूट्यूब — आणि मग पार्सल माझ्या टेबलावर.

एकाने चिठ्ठीत लिहिलं होतं की चाकू खिशात होता आणि आपोआप असा झाला. आपोआप! खिशात बसल्या बसल्या त्याने स्वतःचे स्क्रू काढले, आत एक स्प्रिंग घालून घेतली आणि पुन्हा शहाण्यासारखा मिटून बसला. तेरा वर्षं ही नोकरी करतेय, चाकूंपेक्षा चिठ्ठ्यांचीच जास्त करमणूक होते.

अमेरिकेतली कंपनी घडीचे चाकू बनवते, आणि कॅनडाभरातले बिघडलेले आमच्या किचनर गावच्या डेपोत वॉरंटीला येतात. दोष कंपनीचा की गिऱ्हाइकाचा, ते मी ठरवते. कंपनी स्क्रूवर लाल चिकट द्रव लावते, तो तडकलेला दिसला की कोणीतरी आत हात घातलाय. वॉरंटी खलास. आणि स्प्रिंग घालून आपोआप उघडणारा केला असेल तर चाकूही खलास! तसला चाकू इथल्या कायद्यात बंदीचा. पिवळा फॉर्म भरायचा, चाकू लोखंडी पेटीत, पाठवणाऱ्याचं नाव यादीत, आणि एका आड एक शुक्रवारी पोलिसांचा माणूस पेटी आणि यादी घेऊन जातो.

मेल्विनने जुलैपासून नवा सेफ्टी रूल काढलाय. उघडण्याची टेस्ट तो स्वतः सकाळी करतो आणि माझ्या ट्रेमध्ये चाकू उघडेच ठेवतो. उघडे चाकू म्हणजे सेफ्टी! हा साहेब माझा, वसईचा, मराठीत ओरडणारा — पण डोकं कधी कधी हेड ऑफिसचं चालवतो. मी तक्रार करत नाही. काम झटपट होतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार

घरचा चाकू बिघडत चाललाय. नोकरीला दहा वर्षं झाली तेव्हा कंपनीने दिलेला. वर नाव कोरून देणार होते, ते राहिलं ते राहिलंच. माझा फार जीव आहे त्याच्यावर. दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीच्या जुड्या, कुरिअरचे खोके — सगळं त्याच्यावर. विळीला मी गेली तीन वर्षं हात लावलेला नाही.

पण हल्ली अंगठ्याने ढकलला तर हलत नाही. दोन्ही हातांनी ओढून काढावा लागतो. आज दुधाची पिशवी धरून ओट्यापाशी झगडत होते तर रविकांत आला, हातातून घेतला आणि टक्कन उघडला. त्याचे हात तीस वर्षं लेथवर गेलेत, त्याला काय कडक लागणार?

मी म्हटलं, आजन्म वॉरंटी आहे, टाकते वॉरंटीला. तो म्हणाला, राहू दे, मी बघतो काय ते. मी तिथेच ठणकावलं — स्क्रूला हात लावलास तर बघ! चाळीस वर्षांच्या संसारात अरे-तुरेच करतोय आम्ही, त्यामुळे ठणकावणं सोपं जातं. तो नुसता हसला. एप्रिलमध्ये रिटायर झाल्यापासून त्याचे हात शिवशिवतात. टोस्टर उघडून झाला, व्हॅक्यूम उघडून झाला. दोन्हींची वॉरंटी कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. आता नुसता कागद.

१३ सप्टेंबर, बुधवार

सडबरीहून एका म्हाताऱ्याचा चाकू आला. स्प्रिंग घातलेली. चिठ्ठीत खोटं काही नाही — बोटं चालत नाहीत, मासेमारीला जातो, एका हाताने उघडावा म्हणून केला, चुकलो असेन तर माफ करा. अक्षर थरथरलेलं.

पिवळा फॉर्म भरला. दुसरं काय करणार? पण जेवण गेलं नाही. आता वाटतंय, हात चालत नसेल तर शेजारच्याकडून उघडून घ्यावा. त्यात लाज कसली? बायाबापड्यांसारखं मागावं सरळ. पुरुषांना तेवढं जमत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

लोणच्याच्या बाटल्यांची झाकणं आता मशीनने इतकी आवळतात की माणसाने लोणचं खाऊच नये!

१७ सप्टेंबर, रविवार

दुपारी हेमचंद्र आला कॅरमला. तीन गल्ल्या सोडून राहतो, नागपूरचा, रविकांतपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि दोस्ती मात्र वर्गमित्रांसारखी. त्याची सिटिझनशिपची परीक्षा पास झाली, आता फक्त शपथेच्या तारखेची वाट बघतोय. दिवसातून सहा वेळा ईमेल बघतो म्हणे.

चहा घेऊन बेसमेंटमध्ये गेले तर दोघं गप्प. कॅरमच्या सोंगट्या जागच्या जागी, स्ट्रायकरला कोणी हात लावलेला नाही. टॅब्लेट पालथा. या वयात काय बघत होते कोण जाणे. मी कप ठेवून वर आले.

संध्याकाळी रेजिनाहून अबोलीचा फोन. आमची लेक मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते. शेवटी म्हणाली, "आई, how are your hands?" हात? थंडी सुरू होतेय, क्रीम लावतेस का असं विचारत असावी. म्हटलं, लावते.

२१ सप्टेंबर, गुरुवार

घटस्थापना. ओल्या कुंकवाची बाटली उघडली तर तळाला! ऑगस्टमध्ये पुण्याहून आणलेली, मरून, बारीक चमकीची. मी रोज एवढुशी टिकली लावते. बाटली पितंय कोण?

२६ सप्टेंबर, मंगळवार

चाकू नाही. ड्रॉवर, डिशवॉशर, कोटाचे खिसे, सगळं झालं. रविकांत म्हणतो, "असेल इथेच कुठेतरी." पेपरवरून डोळे न उचलता म्हणाला. घरात काही हरवलं की हा माणूस माझ्याआधी शोधायला निघतो, आणि आज जागचा हलला नाही. रागच आला.

३ ऑक्टोबर, मंगळवार

रविकांतने मोठी कात्री आणून दिली, जाड रबरी मुठीची. दुधाच्या पिशवीसाठी म्हणे. कात्री चांगली आहे. पण मला माझा चाकू हवाय.

९ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. टर्की आमच्याकडे कोणी खात नाही, म्हणून पुरणपोळी. हेमचंद्र आणि सुनेत्रा जेवायला. शपथेची तारीख आली — सत्तावीस ऑक्टोबर! सुनेत्रा नवी साडी नेसणार की कोट घालणार यावर पाऊण तास चर्चा झाली. तिची शपथ गेल्या वर्षीच झाली, आता घरात एकट्याचाच पासपोर्ट अजून भारताचा म्हणून ती हेमचंद्राला चिडवते.

मी माझ्या कामातले किस्से सांगत होते, लोक चाकूत स्प्रिंग घालतात, मग नाव पोलिसांच्या यादीत जातं वगैरे. हेमचंद्राला ठसका लागला. पुरणपोळीने ठसका लागलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. रविकांतने पाणी दिलं, आणि दोघंही माझ्याकडे न बघता पाणी पीत बसले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सापडला!

हे सगळं नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

सकाळचा चौथा चाकू. ट्रेमध्ये बाकीचे उघडे, हा अर्धवट. पातं मध्येच अडकलेलं. चिठ्ठी इंग्रजीत, मोठ्या अक्षरात: पातं उघडत नाही, कृपया दुरुस्त करून द्यावं. खाली हेमचंद्राचं नाव आणि पत्ता. मला वाटलं, अरे वा, याच्याकडेही आमचा चाकू आहे आणि बोलला नाही कधी.

मग चिठ्ठीतल्या पत्त्यातले सातचे आकडे दिसले. प्रत्येक साताला मध्ये आडवी रेघ. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर काढतात तशी. रविकांत लिहितो त्या ग्रोसरीच्या यादीतही तशीच असते.

भिंग घेऊन स्क्रू बघितले. लाल होते. पण तो लाल नव्हे — मरून. आणि दिव्याखाली धरले तर चमकी! जगातली कुठलीही चाकूची कंपनी स्क्रूला चमकी लावत नाही. मी कपाळाला हात लावला, तर बोटाला तोच रंग लागला.

माझा चाकू. माझं कुंकू. माझ्या नवऱ्याने माझ्याच टेबलाला फसवायला माझ्याच कपाळाचं कुंकू स्क्रूला लावलं! आधी तर इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं. मग आतली स्प्रिंग दिसली आणि हसू गेलं. कारण स्प्रिंग म्हणजे पिवळा फॉर्म. फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव. आणि पाठवणारा माणूस पंधरा दिवसांनी सिटिझनशिपची शपथ घेणार.

फॉर्म भरला नाही. चाकू ड्रॉवरमध्ये, हातमोज्यांच्या खाली ठेवला. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

घरी जेवताना विचारलं, "रवि, माझ्या कुंकवाची बाटली कशी रिकामी झाली?" त्याने चमचा खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. यूट्यूबवरचा अमेरिकन, पाच मिनिटांत करून दाखवतो. याला पाच दिवस लागले आणि पातं अडकलं ते अडकलंच. घरात लाल द्रव नव्हता, म्हणून कुंकू, तेही आधी टोस्टरच्या स्क्रूंवर लावून लावून जमवलेलं. आपलं नाव डेपोत कोणीही ओळखेल म्हणून हेमचंद्राचं. दुसऱ्या टेबलावर जाईल, दुरुस्त होऊन येईल, ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ असा बेत.

म्हटलं, अरे, हे बंदीचं आहे! तेरा वर्षं रोज जेवताना सांगतेय! तर म्हणतो, विकायला बंदी आहे असं वाटलं होतं. माझं बोलणं अर्ध्या कानाने ऐकल्याचं हे फळ.

"पण केलंस कशाला?"

त्याने चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "असंच. टाइमपास."

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

यादी पुढच्या शुक्रवारी जाणार. वीस तारखेला. म्हणजे आठवडा आहे.

दिवसभर ड्रॉवरकडे बघत होते. स्क्रूड्रायव्हर माझ्याच हाताशी. स्प्रिंग काढायची, खरा लाल द्रव लावायचा, 'वॉशर तुटला' असं लिहायचं. दहा मिनिटांचं काम. कोणाला कळणार? या डेपोत असलं पकडणारी मीच!

मग सडबरीचा म्हातारा आठवला. त्याने खरं लिहिलं होतं आणि मी त्याचं नाव यादीत घातलं. आता घरचा चाकू आला म्हणून मी डोळे मिटले, तर त्या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू? तो काही मला बघायला येणार नाही, पण तरी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

हेमचंद्र दारात. पडलेला चेहरा, हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. बर्फी! जणू मी बारशाला निघालेय. म्हणाला, "वहिनी, माझं नाव जाऊ द्या यादीत. तुमची नोकरी नका घालवू." मग तिथेच बुटांच्या मॅटवर उभ्या उभ्या डोळे पुसले. सहा वर्षं थांबलाय हा माणूस त्या शपथेसाठी.

रविकांत मागे उभा होता. इतका लहान झालेला मी त्याला कधी बघितला नव्हता. माझा राग तिथेच निम्मा ओसरला.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं मेल्विनला. सगळं. कुंकवासकट.

त्याने चाकू दिव्याखाली धरला, चमकी बघितली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हसला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "ताई, कोणाचा चाकू हा?"

"माझा. दहा वर्षांच्या नोकरीचा. नाव कोरायचं तुमचं राहिलंय."

"मग form वर owner चं नाव जातं. पाठवणाऱ्याने फक्त post केला, तसं मी खाली note लिहितो." फॉर्म पुढे सरकवत म्हणाला, "पण चार दिवस drawer मध्ये ठेवलात. ते पण मला लिहावं लागेल."

लिही, म्हटलं. पिवळ्या फॉर्मवर मी माझंच नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. चाकू पेटीत टाकताना जड गेलं, खोटं कशाला सांगू? तीन वर्षांचा सोबती.

जाताना मेल्विनने विचारलं, रवि अंकलनी का केलं ते सांगितलं का. म्हटलं, टाइमपास. तो उगाच खाकरला आणि ट्रे लावायला गेला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

हेड ऑफिसचं उत्तर. नोकरी राहिली! पण सोमवारपासून तपासणीचं टेबल नाही, फोनवर बसायचं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. माझ्या टेबलावर ऑलिव्हिया येणार, मेल्विनची भाची.

वाईट वाटलं, खूपच. स्क्रू बघून माणूस ओळखता यायला मला दहा वर्षं लागली होती.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. रविकांतशी बोलायला लागले, दिवाळीत अबोला परवडत नाही. चकलीचा सोऱ्या त्यानेच दाबला, मी मागायच्या आधी हातातून घेतला. अपराधी नवरा सणासुदीला फार उपयोगी पडतो.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पोलिसांचा माणूस आला. यादीत माझं नाव वाचून माझ्याकडे बघितलं, पुन्हा यादीकडे बघितलं. दोन प्रश्न विचारले. मग घरी फोन लावून रविकांतला पाच मिनिटं समजावलं. रविकांत पाच मिनिटं येस सर, येस सर. हेमचंद्राबद्दल एक शब्द नाही! बर्फी परत मागवायला हवी, कडू लागली होती तेव्हा.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

हेमचंद्राची शपथ झाली. आम्ही दोघं गेलो होतो. सुनेत्राने साडीवर कोट घातला, म्हणजे वाद मिटला. राष्ट्रगीताला त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सूर सगळ्यांत लांब. फोटोसाठी त्याने आम्हा दोघांना जवळ ओढलं. हातात धरायला छोटा झेंडा दिला होता, तो माझ्या हातून दोनदा पडला. गर्दीच तेवढी.

घरी येताना रविकांत गाडीत म्हणाला, "तुझं टेबल माझ्यामुळे गेलं." म्हटलं, हो, तुझ्यामुळेच. आणि मग त्याचा हात धरला.

३० ऑक्टोबर, सोमवार

फोनचं काम वाटलं तेवढं वाईट नाही. आज एक बाई अर्धा तास चाकूबद्दल कमी आणि सुनेबद्दल जास्त बोलली.

जेवणाच्या सुट्टीत ऑलिव्हियाकडे डोकावले. तिच्या ट्रेमधले चाकू सगळे मिटलेले! मी म्हटलं, अगं, सेफ्टी रूल — उघडे हवेत ना? तिने वर बघितलं. "What rule, auntie?" एक उघडायला दिला मला. अंगठ्याने ढकलला. हलला नाही. दुसरा घेतला. तोही नाही. तिने दोन्ही घेतले आणि टक टक उघडले, एवढीशी पोरगी.

मेल्विनला गाठलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "ताई, तो rule फक्त तुमच्या tray ला होता. घरी विचारा."

३१ ऑक्टोबर, मंगळवार

विचारलं. बाहेर हॅलोवीनची पोरं, दाराशी चॉकलेटचं पातेलं — पाकिटं सगळी त्याने आधीच कापून ठेवलेली.

म्हणाला, "चाकू कडक नव्हता, शीला. जानेवारीपासून बघतोय. तुझ्या अंगठ्यात जोर नाही राहिला. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चाकू बिघडलाय."

जुलैत मेल्विनला फोन त्यानेच केला होता. अबोलीलाही. ती स्प्रिंग माझ्यासाठी होती.

खूप रडले. मग दोघं खूप हसलो. गुरुवारी डॉक्टर.

तपासणी अहवाल. तक्रार: उघडत नाही. चाकूत दोष: नाही. तपासनिसाने स्वतःला तपासलं नव्हतं.

सही डाव्या हाताने करून बघतेय. बरी येते.